इंजिन घाटावर का जाते?

नाटे हे राजापूर तालुक्यातले, खाडीच्या मुखावरचे गाव. समोरच्या काठावर जैतापूर, अलीकडे यशवंतगड, जवळच मुसाकाजीचे बंदर आणि साखरी नाट्याची मोठी मच्छीमार वस्ती. बाहेरच्या जगाला हे नाव २०११च्या अणुप्रकल्पविरोधी आंदोलनामुळे कळले. पण इथला रोजचा संसार डिझेल इंजिनावर चालतो. ते होडीत असते, मासळी वाहणाऱ्या टेम्पोत असते, वडापच्या जीपमध्ये असते. यातले एखादे धूर मारू लागले, ऑइल खाऊ लागले, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: काम काढायचे कुठे? गावातल्या फिटरकडे, राजापुरात, रत्नागिरीत, की थेट कोल्हापूरला? प्रश्न दराचा वाटतो, आणि तसाच तो सहसा सोडवला जातो. माझ्या मते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासाने आधीच देऊन ठेवले आहे. या किनाऱ्याने इंजिन स्वीकारले, पण इंजिनाला माप देणारी यंत्रशाळा इथे फारशी रुजली नाही. म्हणून काम दोन ठिकाणी वाटले गेले: उघडणे आणि बसवणे किनाऱ्यावर, घासणे आणि बोअर करणे दूर. या वाटणीला मागासलेपण म्हणायची सवय आहे. ती वाटणी शहाणपणाची आहे आणि तिच्यातला खरा दोष वेगळ्याच ठिकाणी आहे, असे मला दाखवायचे आहे.

राजापूरचे जुने वैभव खाडी आणि घाट या दोन वाटांवर उभे होते. समुद्रातून आलेला माल खाडीने वर येई आणि बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्याच्या वाटेने घाटमाथ्यावर चढे. इंग्रजांची वखार इथे होती ती या जोडणीमुळेच. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत करायला इथले इंग्रज तोफा घेऊन गेले आणि त्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर लुटून विचारला. पन्हाळा आणि राजापूर एकाच हालचालीच्या टप्प्यात होते, एवढे यातून दिसते. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे मुखाशीच थांबू लागली आणि आगबोटींच्या काळात या पट्ट्याचे तोंड पूर्णपणे मुंबईकडे वळले. माणसे, मनीऑर्डरी, सामान, सगळे मुंबईच्या धक्क्यावरून. रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या गिरण्यांना कामगार पुरवणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक होता. त्यांतले किती तरी लेथवर, फिटरच्या बाकावर, बॉयलरपाशी उभे राहिले. हात कोकणातले होते, पण लेथ मुंबईत होता. कोकणी माणसाला यंत्राची आवड नाही हा जुना आक्षेप एवढ्यावरच निकालात निघतो. यंत्रशाळा गावी न येण्याचे कारण आवडीत नव्हते.

ते कारण शेतात होते. डिझेल इंजिन महाराष्ट्रात रुजले ते पाणी उपसण्यासाठी. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला देशी डिझेल इंजिन बनवले; किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात उभी राहिली. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ऊस होता, गुऱ्हाळे होती, आणि ऐन पाळीत बंद पडलेले इंजिन म्हणजे वाळलेले पीक. त्यामुळे दुरुस्ती दाराशी हवी होती आणि तिच्यासाठी रोख पैसा देणारा शेतकरीही होता. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे कोल्हापूरच्या यंत्रकामाच्या इतिहासात आदराने घेतली जातात ती याच जमान्यातली. दुरुस्तीतून ओतकाम आले, ओतकामातून सुटे भाग, आणि शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगपासून पंप कॅलिब्रेशनपर्यंत सारे काही हाकेच्या अंतरावर मिळू लागले. तळकोकणात पावसावरचा भात, आंबा, काजू. वर्षभर इंजिन चालवून घेणारे पीकच नव्हते. ग्राइंडिंगचे यंत्र महाग असते आणि त्याला रोज काम लागते. चार खाड्यांनी तुटलेल्या किनाऱ्यावर रोज एवढे क्रँक आणायचे कुठून? किनाऱ्यावर उद्यमनगर का उभे राहिले नाही हे समजायला हा हिशेब पुरेसा आहे.

मग होडीत इंजिन आले. शिडाच्या होड्या जाऊन यांत्रिक होड्या येण्याचा बदल स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सहकारी संस्था आणि सरकारी कर्जे यांच्या आधाराने घडला. त्यातली नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की मोठ्या होड्यांत पुष्कळदा ट्रकचे इंजिन बसले. अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे इंजिन पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांत सर्रास दिसते. त्यामुळे समुद्रावरच्या यंत्राचे दुरुस्तीशास्त्र सडकेशी जोडले गेले: तेच पिस्टन, तेच लायनर, तीच बेअरिंगे, आणि ती जिथे ट्रकांची वर्दळ तिथे मिळणारी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे तालुक्याला आगार, जिल्ह्याला विभागीय कार्यशाळा आणि त्यांच्यावर दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा अशी उतरंड उभी राहिली. डिझेलवर हात बसलेले मेकॅनिक जिल्ह्यात वाढले त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. अणुस्कुऱ्याची बैलवाट मोटाररस्ता झाली आणि राजापूरचे तोंड पुन्हा घाटाकडे वळले. मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. क्रँक कुठे जाणार हे या अंतरांनीच ठरवले.

पण ट्रकचे आणि होडीचे इंजिन एक असले तरी त्यांची झीज एक नसते, आणि घाटावरच्या कारागिराला हे सांगावे लागते. ट्रकला उतार मिळतो, नाका मिळतो, इंजिन मधूनमधून श्वास घेते. होडीचा पंखा फिरवणाऱ्या इंजिनाला अशी उसंत नसते. तासन्‌तास एकाच भाराखाली ते चालते, आणि वेग थोडा वाढवला तरी लागणारी ताकद त्या मानाने खूपच जास्त वाढते. वर खारे पाणी. थंडाव्यासाठीची कूलरची नळी आतून गंजली तर बोअर कितीही सुंदर केला तरी इंजिन पुन्हा तापणार आणि नवे पिस्टन धरणार. ही लक्षणे ओळखतो तो किनाऱ्यावरचा फिटर, कारण त्याने ते इंजिन चालताना ऐकलेले असते. म्हणून अख्खे इंजिन गाडीत टाकून घाटावर सोडून येणे मला चुकीचे वाटते. ते इथेच खोलावे, झीज कुठे आणि कशाने झाली ते इथेच पाहावे, आणि फक्त क्रँक, ब्लॉक, हेड आणि फ्युएल पंप बाहेर पाठवावेत. जोडणीही इथेच, कारण समुद्रात बंद पडले तर बोलावायचे आहे ते यालाच.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. तयार बांधलेले इंजिन बदलून घेतले तर दोन दिवसांत काम होते, मग महिनाभर वाट का पाहावी? एसटीसारख्या मोठ्या ताफ्याला राखीव इंजिन ठेवणे परवडते, एकट्या मालकाला नाही. पण होडीवाल्याला पावसाळा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ताफ्याला जे राखीव इंजिन देते ते त्याला हे ६१ दिवस देतात. अट एकच, माल मृगाआधी घाट चढला पाहिजे. जूनमध्ये साऱ्या किनाऱ्याची इंजिने एकदम उघडतात, लेथवर रांग लागते, आणि अतिवृष्टीत घाटात दरड आली की क्रँक पलीकडेच अडकतो. टेम्पो-जीपवाल्याला मात्र अशी सक्तीची सुट्टी नाही, हप्ता थांबत नाही. त्याच्या बाबतीत आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याने बदली इंजिन घेतले तर मी त्याला दोष देणार नाही. फक्त इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो. इंजिन बदलले की परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. शिवाय परक्या इंजिनात आधी किती वेळा घासलेला क्रँक आहे, हे विकणाराच जाणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गावच्या फिटरकडे प्रमाणपत्र नाही, कंपनीच्या कार्यशाळेत हमी मिळते. हमीचे मोल मी कमी लेखत नाही. पण बांधलेले इंजिन लवकर जाते तेव्हा बहुतेक वेळा दोष सापडतो तो मापात, आणि माप हे प्रमाणपत्राच्या कागदावर नसते. क्रँकच्या जर्नलला पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी उतरवतात. पाव, अर्धा, पाऊण, एक, आणि मग क्रँक भंगारात. प्रत्येक पायरीला त्या मापाचे अधिक जाड बेअरिंग लागते. जर्नलच्या कडेची गोलाई ग्राइंडिंगवाल्याने टोकदार ठेवली तर क्रँक तिथेच तुटतो. बोअर गोल आहे की लंबगोल, वर-खाली सारखा आहे की निमुळता, हे डायल गेजशिवाय कळत नाही. बोटाने कळते असे म्हणणारे जुने मेस्त्री होते आणि काहींना खरेच बरेच कळत असे, पण त्यांच्या बोटांवर पुढच्याला विसंबता येत नाही. दूरवर विभागलेल्या कामाचा दुबळा दुवा हाच. क्रँक घाटावरून परत येतो, सोबत पैशाची पावती येते, मापांची नोंद येत नाही. पाच वर्षांनी इंजिन पुन्हा उघडले की मागच्या वेळी काय केले होते हे कुणालाच सांगता येत नाही. एका चिठ्ठीवर प्रत्येक जर्नलचे आणि प्रत्येक सिलिंडरचे माप लिहून मागितले, ते फिटरने आपल्या मायक्रोमीटरने पडताळले, तर या व्यवस्थेची निम्मी बदनामी थांबेल. त्यासाठी मालकाने दराआधी मापाची चौकशी केली पाहिजे, आणि मच्छीमार सोसायट्यांनी डिझेलवरच्या कराच्या परताव्याइतकाच आग्रह या नोंदीचा धरला पाहिजे.

एप्रिल २०२०पासून रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना बीएस-६चे मानक लागू आहे. आता इंजेक्शनवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, स्कॅनरशिवाय दोष कळत नाही, इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड भरावा लागतो. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी गावातला फिटर आणि घाटावरचा लेथ ही जुनी जोडी यापुढे अपुरी पडेल; तिसरे ठिकाण म्हणून कंपनीची कार्यशाळा येणारच. होड्यांतली जुनी यांत्रिक पंपाची इंजिने मात्र अजून बरीच वर्षे चालतील, आणि त्यांचे सुटे भाग तेव्हा ट्रकांच्या बाजारात आजच्याइतके सहज मिळणार नाहीत. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे नियम २०२१ मध्ये आले आहेत. ते जसजसे अमलात येतील तसतसा जुन्या ब्लॉकांचा आणि क्रँकांचा साठा आटत जाईल. साखरी नाट्याच्या, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या होडीमालकांना आपल्या इंजिनांचे चांगले ब्लॉक आणि पहिल्याच पायरीवरचे क्रँक सोसायटीच्या गोदामात आतापासूनच राखून ठेवावे लागतील.