चुंबकाने नैराश्य बरे होते का? एका उपचाराचा इतिहास

चुंबकाने आजार बरे करण्याची कल्पना जुनी आहे. १७७०च्या दशकात व्हिएन्नातील डॉक्टर फ्रान्झ मेस्मर रुग्णांवर लोहचुंबकाने उपचार करत असे. पुढे त्याने चुंबक बाजूला ठेवले आणि ‘ही शक्ती माझ्या शरीरातच आहे’ असा दावा केला. पॅरिसमध्ये त्याच्याकडे लोकांची रीघ लागली.

अखेर १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिचे सदस्य होते. मेस्मरच्या शिष्याने बागेतल्या एकाच झाडात ‘चुंबकशक्ती भरली’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेले. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडाजवळ! परिणाम चुंबकाचा नव्हता, मनाच्या समजुतीचा होता. ही चाचणी लक्षात ठेवा.

खरे शास्त्र १८३१ मध्ये सुरू झाले. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर जवळच्या तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी दाखवले. ‘बदलत असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. हातातले चुंबकाचे कडे किंवा चुंबकाची गादी यांचे क्षेत्र स्थिर असते आणि दुबळेही. त्याने मेंदूत वीज निर्माण होत नाही.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. त्यांना बाहेरून चेतना द्यायची, तर कवटीचे जाड हाड आडवे येते. १९८० मध्ये लंडनच्या संशोधकांनी डोक्याच्या कातडीवरून विजेचा झटका देऊन ते साधले, पण ते फार दुखायचे. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाची अडचण नसते. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली. समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला, आणि वेदना जवळजवळ नव्हती.

१९९०च्या दशकात अमेरिकेत मार्क जॉर्ज आणि इतरांनी हे तंत्र नैराश्यासाठी वापरून पाहिले. कपाळामागचा डावा भाग नैराश्यात मंदावलेला दिसतो, म्हणून तिथे रोज चुंबकीय स्पंदने द्यायची, असा विचार होता.

पण हाही समजुतीचाच खेळ नसेल कशावरून? म्हणून १७८४ची युक्ती नव्या रूपात आली. काही रुग्णांना खरे वेटोळे लावले, तर काहींना तसाच आवाज करणारे खोटे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९० रुग्णांच्या अभ्यासात खऱ्या उपचाराने सुमारे १४ टक्के रुग्णांचे नैराश्य पूर्ण ओसरले. खोट्याने ५ टक्के. हे रुग्ण औषधांनी बरे न झालेले होते. म्हणजे हा चमत्कार नाही, पण भ्रमही नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, याला मान्यता दिली.

‘डॉक्टर, हा शॉकच ना?’ असे रुग्ण हमखास विचारतात. नाही. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या शॉक उपचारात मुद्दाम फीट आणली जाते. आज ते भूल देऊन करतात आणि अतितीव्र नैराश्यात तोच अधिक प्रभावी आहे. चुंबकीय उपचारात, म्हणजे टीएमएसमध्ये, भूल लागत नाही. रुग्ण खुर्चीत जागा असतो. साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. डोके दुखणे, टाळूवर टोचल्यासारखे वाटणे हे त्रास होतात. फीट क्वचितच येते.

डोक्यात धातूची क्लिप किंवा श्रवणयंत्राचे रोपण असेल, पेसमेकर असेल, पूर्वी फीट आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. हा उपचार मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा. आणि तो सुरू झाला म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. जाहिरातीत ‘चुंबक’ शब्द दिसला, की एकच विचारा : खोट्या उपचाराशी याची तुलना कोणी केली आहे का?