आपण नेमके कुणाकडून?

शेजार आला की भांडण आलेच. आम्हा बल्लारपूरकरांची अडचण अशी, की शेजारी कोण आणि घरचा कोण, हेच धड ठरत नाही. गाव बल्लारपूर, तर स्टेशन बल्हारशाह! ज्यांचे पाटीवर एकमत नाही, त्यांनी मुंबई-हैदराबाद फुटबॉलमध्ये बाजू घ्यायची म्हणजे पंचाईतच.

हे वैर मोठे खानदानी. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा; पण १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ मुंबईत यायचा आणि कप घेऊन जायचा. पोलिसांनीच माल नेल्यावर मुंबईकरांनी फिर्याद कुठे द्यावी? या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि वर्धा नदीपलीकडचे राजुरा हैदराबादेतून निघून तेही मुंबई राज्यातच! राजुऱ्याचे एक वृद्ध स्नेही सांगत, "आमी घरीच बसलो होतो बापू, राज्यच उठून गेलं."

गंमत पुढेच आहे. त्याच १९५६-५७ च्या मोसमात संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात कोण? हैदराबाद आणि मुंबई! राज्य गेले, संघ उरला. आणि उरलेल्या संघाने मुंबईला हरवले. पुढच्या मोसमात पुन्हा तीच जोडी, तोच निकाल. आता राजुरेकरांनी रडावे की पेढे वाटावेत?

महाराष्ट्राने उट्टे काढले ते १९६३-६४ मध्ये, अंतिम सामन्यात आंध्रला नमवून. पण रहीम मास्तर जून १९६३ मध्येच वारले होते. मास्तर नसलेल्या वर्गावर मात करण्यात कसली आली मजा?

खरा निकाल लागला होता तिसरीकडेच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे, आणि शिकवणी हैदराबादच्या रहीम मास्तरांची! सरकारे नकाशावर रेघा ओढत होती, तेव्हा ही दोघे एकाच बाजूला होती. त्यामुळे कुणी बाजू विचारलीच, तर आम्ही नदीकाठचे लोक बेलाशक सांगतो: आम्ही मेलबर्नकडून!