मूळ प्रत आणि पाठभेद

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना क्षेपकांचा ताप ठाऊक असतो. नकलकाराने स्वतःची ओवी मजकुरातच घुसडली, की मूळ कोणते आणि पदरचे कोणते हे ओळखणे दुरापास्त. संगणकावरील खेळांत हाच प्रश्न उभा राहिला आणि चार-सहा वर्षांत बराचसा सुटलाही, याची मला मोठी मौज वाटते.

१९९२ साली अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' काढला. हौशी खेळाडू त्याचे नकाशे बदलू लागले. पण त्यासाठी मूळ फाइलवरच गिरवावे लागे. १९९३ च्या 'डूम'मध्ये जॉन कारमॅक यांनी खेळ चालविणारा प्रोग्रॅम एकीकडे आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसरीकडे, 'वॅड' फाइलीत ठेवले. खेळाडूची फाइल मुळावर चढे. ती काढली की मूळ जसेच्या तसे. संस्थेतीलच काहींना ही उदारता धोक्याची वाटली, आणि ती भीती अगदीच अस्थानी नव्हती. फुकट वाटलेल्या प्रतीवर मात्र परकी फाइल चढत नसे. आधी दाम मोजा!

खरी घडी बसली ती १९९६ च्या 'क्वेक'मध्ये. खेळाडूंनी केलेल्या बदलाला, म्हणजे 'मॉड'ला, येथे स्वतंत्र फोल्डर मिळाले. त्यात जे नसेल ते मूळ फोल्डरातून घेतले जाई. शिवाय साध्या मजकुराच्या तीन फाइली क्रमाने वाचल्या जात: 'डिफॉल्ट', 'कॉन्फिग' आणि 'ऑटोएक्झेक'. एकाच बाबीवर मतभेद झाला तर शेवटचीचा शब्द खरा. यात एक खोच आहे. 'कॉन्फिग' खेळ बंद होताना संगणक स्वतःच नव्याने लिहून काढी. तीत हाताने लिहिलेले सर्वच टिकेल असा भरवसा नसे. 'ऑटोएक्झेक'ला तो शिवत नसे. जाणता खेळाडू म्हणून आपले तेथे लिही. ही फाइल उघडावयास कोणतेही खास साधन लागत नव्हते; साधा मजकूर वाचता आला की पुरे.

क्वेकच्याच पायावर १९९८ साली व्हॉल्व्हचा 'हाफ-लाइफ' उभा राहिला. त्यात मॉडच्या फोल्डरात 'लिबलिस्ट' नावाची छोटी फाइल ठेवीत: खेळाचे नाव, प्रोग्रॅमचा ठावठिकाणा, असे काही. १९९९ साली मिन ली आणि जेस क्लिफ यांनी असाच एक मॉड प्रसिद्ध केला, 'काउंटर-स्ट्राइक'. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो विकत घेऊन दुकानांत आणला. त्याच्या 'सीस्ट्राइक' फोल्डरात ती 'लिबलिस्ट' तशीच होती.