आळीने राखलेले शहर : क्योतो

जुन्या शहराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे राजवाड्यापासून आरंभ करावा, अशी आपली रीत आहे. जपानमधील क्योतोच्या बाबतीत ही रीत बाजूस ठेवून आळीबोळांतून हिंडणे बरे. कारण हे शहर वसविले सम्राटाने. पण राखले ते आळीने.

इ. स. ७९४ मध्ये सम्राट कान्मू याने ही राजधानी वसविली. चीनच्या चांगआन नगरीचा आराखडा समोर ठेवून बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते आखले. पूर्व-पश्चिम सुमारे साडेचार किलोमीटर, दक्षिणोत्तर सुमारे सव्वापाच. मधला राजमार्ग सुमारे ८४ मीटर रुंद! आज साधारण त्याच रेघेवरून सेम्बोन नावाचा साधा रस्ता जातो. राजाचे वैभव काळाने पुसले. रेघ तेवढी राहिली.

१४६७ साली ओनिन युद्ध पेटले आणि १४७७ पर्यंत चालले. सरदारांची सैन्ये शहरातच लढली व शहर जळून गेले. उरल्या वरची आणि खालची अशा दोन वस्त्या, आणि त्यांना जोडणारा मुरोमाची हा रस्ता. रक्षणकर्ता कोणी उरला नाही, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर राहणारे लोक एकत्र आले. हाच त्यांचा 'चो', आपल्या भाषेत आळी. पुढे आळीच्या तोंडाशी दरवाजे आले, ते रात्री बंद होत. घर कोणास विकावे यातही आळीचा शब्द चाले. युद्धात बंद पडलेला गिओनचा रथोत्सव १५०० साली पुन्हा सुरू झाला, तो खालच्या वस्तीतील नागरिकांच्या उमेदीवर. आजही ते रथ त्या त्या आळ्याच सांभाळतात.

पुढे हिदेयोशीने मोठ्या चौकांतून नवे रस्ते काढले, बौद्ध मंदिरे एका रांगेत नेऊन बसविली आणि १५९१ मध्ये शहराभोवती मातीचा तट घातला. या रस्त्यांवरील घरांचे तोंड अरुंद आणि पोट खोल. लोक त्यांना 'वाम मासळीचे अंथरूण' म्हणतात. दर्शनी भागात दुकान, लाकडी जाळी, एका बाजूने थेट परसापर्यंत जाणारी मातीची वाट, मध्ये उजेडवाऱ्यासाठी इवलीशी बाग.

१७८८ व १८६४ च्या आगींत शहराचा मोठा भाग पुन्हा जळाला. म्हणून आज जुनी दिसणारी बहुतेक घरे त्यानंतरचीच आहेत. लाकूड नवे, पण वहिवाट जुनी. १८६९ मध्ये सम्राटाने तोक्योत बस्तान हलविले, तेव्हा शहराचे कंबरडे मोडावयाचे. पण त्याच वर्षी येथील वस्त्यांनी ६४ प्राथमिक शाळा उभ्या केल्या. सरकारचा शिक्षणविषयक कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला!

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या यादीवर क्योतोचे नाव होते. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांच्या आग्रहाने ते वगळले गेले. मात्र आग पसरू नये म्हणून जपानी सरकारनेच घरांच्या रांगा पाडल्या. गोजो, ओइके, होरिकावा हे आजचे रुंद रस्ते त्यातूनच निघाले.

बाँबने जे केले नाही ते शांततेचा काळ सावकाश करीत आहे. २००८-०९ च्या पाहणीत सुमारे ४८ हजार जुनी घरे मोजली गेली. २०१६ पर्यंत ती सुमारे ४० हजारांवर आली. कायदा स्वस्थ बसलेला नाही. १९७६ मध्ये सान्नेन्झाका उताराचा परिसर संरक्षित झाला. २००७ मध्ये इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा आली. पण कायदा दर्शनी जाळी राखू शकतो, जाळीमागचे बिऱ्हाड नव्हे. प्रवाशांची गर्दी इतकी वाढली की २०२४ मध्ये गिओनमधील काही खासगी बोळ रहिवाशांनी त्यांना बंद केले. त्यांना उद्धट म्हणण्यापूर्वी आळीचा जुना दरवाजा आठवावा. तो लावणारा कोणी आत राहतो आहे, तोवरच तो बोळ जिवंत आहे. शेवटचे बिऱ्हाड हलले की उरतो तो देखावा. त्याला शहर म्हणत नाहीत.