पत आणि पाटी

जयपूर म्हटले की सवाई जयसिंगाने 1727 साली वसविलेले, सरळ रस्त्यांचे आणि गुलाबी भिंतींचे शहर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्या शहराच्या तटाबाहेर, आग्नेयेस, राजा पार्क नावाची वस्ती आहे. तिच्या इतिहासात राजेरजवाड्यांपेक्षा निर्वासितांचे स्थान मोठे आहे. 1947 च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंध येथून आलेल्या कुटुंबांनी हा परिसर नांदता केला. लगतच्या आदर्शनगरात मुलतानहून आलेल्या जैनांचे मंदिर अजून मुलतानच्याच नावाने ओळखले जाते. आज राजा पार्क ही एक गजबजलेली बाजारपेठ आहे.

अशा वस्तीत नव्याने दुकान मांडणाऱ्याची मोठी अडचण कोणती असेल? माल उसनवारीने आणता येतो. ओळख उसनी मिळत नाही. जुन्या शहरातील जवाहिऱ्यामागे पिढ्यानपिढ्यांची पत होती. निर्वासिताची पत मात्र गावाबरोबर मागे राहिलेली. पाटी एका दिवसात रंगवून मिळते, पत दुसऱ्याच्या तोंडून यावी लागते. एका गिऱ्हाइकाने समाधानाने घरी जावे, त्याने शेजाऱ्यास सांगावे, आणि सांगणाऱ्याचा शब्द खरा ठरावा, एवढाच त्याचा मार्ग.

हाच प्रश्न पुढे एका निराळ्या बाजारात उभा राहिला. 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. जगभर संकेतस्थळांची संख्या एवढी वाढली की हवे ते पान हुडकून देणाऱ्या यंत्रांवाचून, म्हणजे शोधयंत्रांवाचून, चालेना. आरंभीची शोधयंत्रे पानावरील शब्दांवर फार विसंबत. जो शब्द शोधावयाचा तो पानावर जितक्या वेळा, तितके ते पान वर, असा साधारण हिशेब असे. म्हणजे यंत्र पाटी वाचून पत ठरवीत होते. लबाडांनी याचा लाभ घेतला नसता तरच नवल. एकच शब्द शेकडो वेळा लिहावयाचा आणि वाचकास दिसू नये म्हणून पांढऱ्या पृष्ठावर पांढऱ्या अक्षरांत लिहावयाचा, असे प्रकार सुरू झाले. अशा निरर्थक भरताडास ‘स्पॅम’ म्हणतात. हे मूळ डबाबंद मांसाचे नाव. 1970 सालच्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी प्रहसनात ते कंटाळा येईपर्यंत पुनःपुन्हा उच्चारले गेले, आणि त्यावरून हा अर्थ रूढ झाला.

1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी गूगलची स्थापना केली. त्यांनी पानाला त्याच्याविषयी इतरांचे काय मत आहे असे विचारले. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा देणे ही एक साक्ष मानावी, आणि ज्याच्याविषयी पुष्कळांनी साक्ष दिली आहे त्याची साक्ष अधिक वजनाची धरावी, अशी ही पद्धत. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. शास्त्रीय निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची सूची करावी, असे यूजीन गार्फील्ड यांनी 1955 मध्येच सुचविले होते; 1964 पासून तशी सूची प्रसिद्धही होऊ लागली. विद्वानांची ही रीत आणि पेठेची रीत मुळात एकच आहे.

परंतु जेथे साक्षीला मोल येते तेथे खोटे साक्षीदारही जमतात. परस्परांस दुवे देण्यापुरतीच पाने निघाली, दुवे विकत मिळू लागले, परक्यांच्या अभिप्रायांच्या जागेत जाहिराती घुसल्या. त्यास आळा घालण्यासाठी 2005 मध्ये, ‘या दुव्यास साक्ष मानू नये’ अशी खूण करण्याची सोय झाली. 2006 मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही दिवस यादीतून काढून टाकले. केवळ यंत्रासाठी रचलेली पाने तेथे आढळली होती. 2011 मध्ये निकृष्ट मजकुराच्या आणि 2012 मध्ये बनावट दुव्यांच्या विरुद्ध नियम कडक झाले. क्लृप्ती चालते, पण ती पकडली गेली म्हणजे तिच्याबरोबर मिळविलेली जागाही जाते.

मग सचोटीने वर येण्यास मार्ग नाही काय? आहे, आणि आपल्या भाषेनेच तो दाखविला आहे. आरंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी सांकेतिक लिपीत मजकूर असे. माणसास तो वाचता येई, यंत्रास केवळ अर्थहीन चिन्हे दिसत. उत्तम लेख त्यामुळे शोधात सापडत नसत. युनिकोडचा प्रसार झाला, मजकूर सर्वमान्य संकेतांत आला, आणि तो सापडू लागला. येथे कोणी लबाडी केली नव्हती. जे होते ते वाचता येईल असे केले, एवढेच. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 साली जी पाच सूत्रे मांडली, त्यांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. सचोटीचे सारे प्रयत्न त्या एका सूत्रात बसतात. मथळा मजकुराशी प्रामाणिक असावा, पत्ता व वेळ खरी असावी, पान लवकर उघडावे, आणि गिऱ्हाईक जे विचारते त्याचे उत्तर त्याच्याच भाषेत मिळावे.

यातून पहिला क्रमांक मिळेलच अशी हमी कोणी देऊ नये. देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. साक्षीच्या पद्धतीत जुन्यांस लाभ अधिक आणि नवख्यास उशीर, हा दोष आहेच. म्हणूनच खोट्या साक्षीचा अपराध मोठा. तिच्यामुळे फसतो तो केवळ ग्राहक नव्हे. ज्याच्यापाशी चांगल्या मालावाचून दुसरे भांडवल नाही, अशा नवख्याची जागाच ती बळकावते. आज राजा पार्कमध्ये एखादा तरुण शिंपी आपले पान उघडील, तेव्हा त्याच्यापुढे तीच अडचण असेल, जी तेथे प्रथम दुकान मांडणाऱ्यापुढे होती. त्याने पाटी स्वच्छ लिहावी, माप खरे घ्यावे आणि कपडा ठरल्या दिवशी द्यावा. मग समाधानाने परतलेले गिऱ्हाईक त्याचे नाव दुसऱ्यास सांगेल.