मुळशी: धरणाखाली गेलेले मावळ
मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळा संगमावर धरणाचा बेत आखला. शेतकऱ्यांना न विचारताच आंबेमोहराच्या खाचरांत चाचणीचे चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. सरकारने मात्र १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. खरी फूट पाडली ती मोबदल्याने. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या. त्यांना रोख रक्कम चालत होती. कसणाऱ्या कुळाच्या हाती काय पडणार? १९२४पर्यंत लढा मोडला. पूर्वेला वाहणारे पाणी विजेसाठी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवले गेले आणि दुष्काळी भीमा खोरे त्याला मुकले.