निळा डाग, सावळी त्वचा आणि लेसर

सरकारी अर्जांमध्ये ‘शरीरावरील ओळखीची खूण’ असा एक रकाना असतो. मनगटावरचा तीळ किंवा गुडघ्यावरचा जुना व्रण लिहून बहुतेकांचे काम भागते. परंतु ज्यांच्या चेहऱ्याची एक बाजू, कपाळापासून डोळ्याभोवती गालापर्यंत, शाई सांडल्यासारखी निळसर-करडी असते, त्यांची ओळख अर्ज वाचण्यापूर्वीच झालेली असते. अशा जन्मखुणेचे खापर आपल्याकडे बहुधा आईच्या माथी फुटत आले आहे : गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, चिरू नये तेव्हा काहीतरी चिरले.

१९३९ साली टोकियोतील त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी या डागाचे सविस्तर वर्णन केले आणि तो ‘नेव्हस ऑफ ओटा’ या नावाने वैद्यकात रूढ झाला. (हेच ओटा किनोशिता मोकुतारो या टोपणनावाने जपानी साहित्यात कवी आणि नाटककार म्हणून ओळखले जातात.) हा डाग आशियाई लोकांत, आणि त्यातही स्त्रियांत अधिक आढळतो. काहींना तो जन्मतःच असतो, काहींच्या चेहऱ्यावर पौगंडावस्थेत उमटतो.

तो निळा का दिसतो? त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी एरवी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. या डागात त्या खाली, अंतस्त्वचेत राहून गेलेल्या असतात. लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश खोलवर जाऊन तेथील मेलॅनिनमध्ये शोषला जातो. आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश वरच विखुरतो आणि परततो. रंगद्रव्य तपकिरीच, पण खोलीमुळे डोळ्याला निळे भासते. आपल्या अनेक नवजात बाळांच्या कमरेवर दिसणारे निळे डाग याच कारणाने निळे असतात; ते काही वर्षांत आपोआप विरतात. ओटांनी वर्णिलेला डाग विरत नाही.

लेसरपूर्व काळातील उपाय कठोर होते. घन कार्बन डायऑक्साइडने त्वचा गोठवणे, ती खरवडणे, कधी त्वचारोपण. रंगद्रव्य खोल असल्याने त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर वरची त्वचा नष्ट करावी लागे, आणि डाग गेला तरी व्रण मागे राही.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील ह्यूजेस प्रयोगशाळेत माणकाच्या स्फटिकापासून ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा पहिला लेसर किरण मिळवला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचे त्वचेवरील परिणाम लगोलग तपासायला घेतले. १९६३ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. काळा रंग हा किरण अधिक शोषतो, हे त्यांना स्पष्ट दिसले. अडचण वेळेची होती. त्या लेसरचा स्पंद सुमारे एक मिलिसेकंद टिके, आणि तेवढ्या अवधीत उष्णता रंगकणातून आजूबाजूच्या निरोगी ऊतीत पसरे.

या अडचणीचे गणित मांडले ते १९८३ मध्ये, हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो. वस्तू जितकी लहान वा पातळ, तितकी ती चटकन उष्णता गमावते. मेलॅनिनचा कण जेमतेम एक मायक्रोमीटरचा. तो एक मायक्रोसेकंदाच्या आत निवू लागतो. स्पंद त्याहून आखूड असेल, तर कण फुटतो आणि शेजारची ऊती बचावते. असा आखूड स्पंद देणारे ‘क्यू-स्विच’ तंत्र ह्यूजेस प्रयोगशाळेतच १९६२ मध्ये सिद्ध झाले होते. अंतर मोजणाऱ्या लष्करी उपकरणांत ते रुळले. गोल्डमन यांनी १९६५ च्या सुमारास गोंदणावर ते वापरूनही पाहिले होते. यंत्र हाताशी असूनही त्वचारोगशास्त्राला ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला दोन दशके लागली, कारण नेमके काय हवे हेच ठाऊक नव्हते. १९९४ मध्ये जपानमधील वातानाबे आणि ताकाहाशी यांनी क्यू-स्विच्ड माणिक लेसरने ११४ रुग्णांवर केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि व्रणाविना डाग फिकटवता येतो याविषयीची शंका फिटली.

भारतीय त्वचेपुढे मात्र आणखी एक पेच होता. मेलॅनिन जसे डागात, तसेच ते त्यावरच्या सावळ्या बाह्यत्वचेतही असते. माणकाचा किरण या दोहोंत भेद करत नाही; वरच्या थरातच बरीचशी ऊर्जा खर्ची पडते आणि त्वचा भाजण्याचा किंवा पांढरी पडण्याचा धोका वाढतो. म्हणून सावळ्या त्वचेसाठी एनडी-याग लेसरची १०६४ नॅनोमीटर तरंगलांबी पुढे आली. मेलॅनिन तिला कमी शोषते आणि ती अधिक खोल जाते. अचूकपणा थोडा सोडून सुरक्षितता पत्करण्याचा हा सौदा आहे.

तो कितपत पटतो, हे दिल्लीत पाहिले गेले. पूर्वीचे विलिंग्डन रुग्णालय, जेथे १९६७ मध्ये राममनोहर लोहियांचे निधन झाले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागाचे एच. के. कर आणि एल. गुप्ता यांनी ५० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या काळात प्रत्येकाला अनेक सत्रे द्यावी लागली. काहींचा डाग जवळजवळ गेला, बऱ्याच जणांचा फिकटला, काहींत फारसा फरक पडला नाही. अभ्यास खुला होता, म्हणजे उपचार कोणता हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. तरीही ‘एका बैठकीत डाग गायब’ अशा जाहिरातींच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा हा प्रामाणिक कागद आहे. फुटलेले रंगकण शरीरातील भक्षक पेशी हळूहळू वाहून नेतात. त्यामुळे दोन सत्रांत काही आठवडे किंवा महिने जाऊ द्यावे लागतात, आणि दिल्लीच्या उन्हात तेवढा काळ चेहरा जपणे हे सोपे काम नव्हे.

प्रत्येक काळ्या खुणेला हा न्याय लागू होत नाही. दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग लेसरनंतर पुन्हा उमटू शकतात. मोठ्या जन्मजात तिळांबाबत कर्करोगाची शक्यता आधी तपासावी लागते. आणि ओटांच्या डागात डोळ्याचा पांढरा भागही अनेकदा निळसर असतो. त्वचेच्या या उपचारात तो तसाच राहतो. अशा डोळ्यात काचबिंदूचा धोका अधिक असल्याने, गाल उजळल्यानंतरही नेत्रतज्ज्ञाकडे ठरावीक काळाने जावे लागते.